टाकीवरचं नाव

बुधाजीचा ‘मा’ काढून झाला होता. कुंचला पुन्हा डब्यात बुडत होता, तेवढ्यात प्रितेश दारात आला. काल संध्याकाळी घरी आलेली नवीकोरी मोटारसायकल अंगणात उभी होती, आणि तिच्या गडद हिरव्या टाकीवर त्याचा बाप होडीच्या पिवळ्या रंगाने नाव लिहीत होता.

“बाबा, अरे काय करतोस?” प्रितेशचा आवाज चिरकला. बुधाजीने कुंचल्याचा जादा रंग डब्याच्या काठाला पुसला.

पनवेलच्या कोळीवाड्यात बुधाजीने चाळीस वर्षं होड्यांवर नावं लिहिली होती. बिननावाची होडी तिथे कुणी पाण्यात घालत नसे. पुढे खाडीत होड्याच कमी झाल्या, बुधाजीचा हात थरथरायला लागला आणि रंगाचे डबे मागच्या पडवीत जाऊन पडले. म्हाताऱ्याला आता मोटारसायकलही होडी दिसायला लागली, असं प्रितेशला वाटलं. ‘मा’ म्हणजे ‘माऊली’ असणार. ओला रंग टर्पेन्टाइनने निघतो, वाळला की कायमचा बसतो. तो पडवीकडे पळाला.

डबे उलथेपालथे करताना त्याला रडू यायचं बाकी होतं. एका ब्रिटिश कंपनीने मधल्या ताकदीच्या, दोन सिलिंडरच्या नव्या गाड्या काढल्या, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात त्याची नोकरी. जेवणाच्या सुट्टीत लोक डबा खायचे आणि हा त्यांना दोन सिलिंडरांची धडधड तोंडाने काढून दाखवायचा. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. गाडीच्या गिअरबद्दल मात्र तो तासभर बोले. आज दहा वाजता करंजाड्याला वरद आणि बाकीची मित्रमंडळी थांबणार होती. तिथून सगळे मिळून आपटा गावाला, नदीकाठी फोटो. त्यांच्यात ही गाडी सर्वांत आधी प्रितेशकडे आली होती, आणि तिच्यावर अजून बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

एक मात्र खरं, आभार मानण्यात प्रितेश कधी कंजुषी करत नसे. गाडीच्या आनंदात काल त्याने फोनवर भली मोठी पोस्ट लिहिली होती. वरदचे आभार, कारण त्याने गाडीचं वेड लावलं. रजा देणाऱ्या साहेबांचे आभार. गाडी आल्याचं सर्वांत आधी कळवणाऱ्या शोरूममधल्या प्रांजलचे आभार. शोरूम बंद झाल्यावरही काचेबाहेर उभं राहू देणाऱ्या वॉचमनचे, आणि आशीर्वाद देणाऱ्या बाबांचेही. एकेचाळीस नावं होती. जेवायच्या आधी त्याने ती यादी घरात मोठ्याने वाचून दाखवली. बुधाजी खाटेवर बसून ऐकत होता. मोठी बहीण मालू बोंबील साफ करता करता ऐकत होती. तिने बरं केलंस म्हटलं आणि हात धुवायला उठली.

बाटली एकदाची सापडली. प्रितेशने फडकं भिजवलं आणि धावत अंगणात आला. बुधाजीने कुंचला खाली ठेवला होता. नाव पूर्ण झालं होतं. दोनच अक्षरांचं होतं.

मालू.

“काल तू सगल्यांची नावा वाचलीस,” बुधाजी शांतपणे म्हणाला. “एक रायला होता. तो मी लिवला. आपल्यात होरीवर देवाचा नाव लिवतात, नायतर ज्यानं घर तारला त्याचा.”

प्रितेशने भिजलेलं फडकं मागे घेतलं. आई गेली तेव्हा तो पाचवीत होता आणि मालू एकोणीस वर्षांची. महिन्याभरात ती आईच्या जागेवर पनवेलच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसली. आलेली दोन स्थळं तिने परत पाठवली. प्रितेशचा डिप्लोमा झाला, नोकरी लागली, तरी तिची पाटी सुटली नव्हती. आणि एकेचाळीस नावांत ती नव्हती. मुद्दाम गाळली असती तर निदान तिला भांडता तरी आलं असतं. त्याला ती आठवलीच नव्हती, कारण ती नसलेला एकही दिवस त्याने पाहिला नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाजाराला निघालेली मालू पाटी घेऊन बाहेर आली. टाकीवर नजर गेली आणि ती जागीच थांबली. मग घाईघाईने पुढे आली.

“पूस ते आदी,” ती म्हणाली. “मासलीवालीचा नाव घेऊन फिरशील? तुजे दोस्त हसतील.”

प्रितेश गाडीपाशी उकिडवा बसला. ‘लू’च्या खालून पिवळा ओघळ सुटला होता, टाकीवरून सीटकडे निघाला होता. त्याने फडक्याच्या टोकाने तेवढा ओघळ हळूच टिपून घेतला. अक्षराला फडकं लागू दिलं नाही. मग कुंचला उचलून त्याने बापाच्या हातात परत दिला.

“बाबा, दुसऱ्या बाजूला पन लिव. होरीला नाव दोनी बाजूंना असतं.”