नळीचं वरचं टोक

सकाळपासून गाळतज्ज्ञाचा जीव थाऱ्यावर नव्हता. समुद्रतळातून काढलेली गाळाची नळी उभी चिरून टेबलावर ठेवली होती. खालच्या टोकाला मिथेन वायू पाझरल्याच्या खुणा, म्हणजे चुन्याचे पांढरे खडे. वरचा गाळ मात्र स्वच्छ. पाझर फार जुना, केव्हाच थांबलेला, असं त्यानं छातीठोकपणे कळवलं होतं. त्याच भरवशावर त्याची बायको, जहाजावरची ड्रिलप्रमुख, आज तिथे भोक पाडणार होती.

चाळा म्हणून त्यानं खड्यांपाशी बोट टेकवलं. ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. दुसऱ्या टोकाला मात्र नखही रुतेना. मऊ गाळ म्हणजे ताजा, सगळ्यांत वरचा. नळीचं 'वर' लिहिलेलं टोपण त्यानंच चुकून खालच्या टोकाला लावलं होतं. पाझर आजचा होता! भोक पडताच कोंडलेला वायू उसळून थेट जहाजावर आला असता.

त्यानं फोन लावला. "ड्रिल थांबव!"

"झाली तुझी किरकिर सुरू? सकाळपासून कितवा फोन हा? पाझर जुना आहे, मी चुकत नसतो, असं कोण म्हणालं होतं रे?"

"माझं चुकलं गं."

पलीकडे ती आपल्या माणसांवर कडाडली, "बंद करा! आत्ताच्या आत्ता सगळं बंद करा!"

लग्नाला वीसेक वर्षं झाली होती, पण त्याच्या तोंडून हे वाक्य ती पहिल्यांदाच ऐकत होती.