गधडं नको, हत्ती लाव

"गधडं? मन्हा आंडोरना डोकावर गधडं? मी लावू देवाव नही!" प्रमिलाबाई पदर खोचून थेट बॅनरवाल्या अनीसच्या कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिल्या.

भिलाआप्पांनी कपाळाला हात लावला. कोरीटहून नंदुरबारला आले होते ते पंधरा मिनिटांत बॅनर सांगून परत जायचं म्हणून. मुलगा धर्मेंद्र अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एका लहानशा गावात, नगर परिषदेला उभा राहणार होता. सहा वर्षं ज्या पक्षाचं काम केलं, त्याचं तिकीट आज-उद्या मिळणार होतं. आता त्या पक्षाची खूणच गाढव, त्याला बिचारे आप्पा तरी काय करणार?

"अवं, तठे गधडाले मान शे," आप्पा म्हणाले.

"तठे व्हई. आठे फाटावर लोके दात काढतीन."

"मंग चिन्हच नको लावू का? चिन्हाबिगर बॅनर म्हनजे नवरदेवबिगर वरात!"

"हत्ती लाव रे, अनीस. गनपतीना हत्ती. शुभ ऱ्हास."

अनीसनं मानही वर केली नाही. दोनदा क्लिक केलं आणि धर्मेंद्रच्या फोटोशेजारी हत्ती आला. निळी पाठ, लाल पाय, पाठीवर तीन चांदण्या. सोंडेत ना मोदक, ना माळ. हल्ली असेच हत्ती निघत असतील, असं म्हणून आप्पांनी मान डोलावली. बायकोशी वाद घालून जिंकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

राजकारणातही जिंकल्याचं आठवत नव्हतं म्हणा. वीस वर्षांत चार पक्ष झाले. ज्यात गेले तो आपटला, ज्यातून निघाले तो निवडून आला. शेवटच्या खेपेला अनामत जप्त झाली आणि तालुका त्यांना 'पलटी आप्पा' म्हणू लागला. ते फार लागलं त्यांना. प्रकाशा गावी, केदारेश्वरासमोर, तापीचं पाणी हातात घेऊन ते म्हणाले होते, "मी केलं ते केलं. पोरानं कधी पक्ष बदलला, तर जन्मात त्याचं तोंड बघणार नाही."

आणि हा माणूस बोलला की करणारा. एका बांधावरून सख्ख्या भावाशी नऊ वर्षं अबोला धरला होता.

बॅनर फाट्यावर लागला. फोटो मोबाईलवरून फिरले, अमेरिकेतल्या मराठी मंडळींपर्यंतही पोचले. तिसऱ्या दिवशी प्रकाशाहून नवनीत गुरुजींचा फोन आला. गुरुजी रोज इंग्रजी बातम्या पाहणारे.

"भिला, अरे काय करून बसलास? हत्ती समोरच्या पक्षाचा आहे! पोराच्या वैऱ्याचं चिन्ह लावलंस तू!"

आप्पा मिरच्या वाळवायच्या पथारीवर होते. तिथूनच धर्मेंद्रला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

ते धावत घरी आले. "गयं वं! पोऱ्यानं तिकीट गयं! मन्हा हातखाल गयं!"

प्रमिलाबाई भाकरी थापत होत्या. पहाटेच त्यांचं मुलाशी नेहमीसारखं बोलणं झालं होतं. "माले तर काही बोलना नही," त्या म्हणाल्या. "पन रागवना व्हई तं ऐकी ल्या. चूक आपली शे. तो जे म्हनी ते कबूल करा."

"करस! काय म्हनी ते करस!"

दोन दिवस आप्पांच्या घशाखाली घास उतरला नाही. पारावर बसले की वाटायचं, सगळे आपल्यालाच हसताहेत. स्वतःचं वाटोळं करून हौस फिटली नाही, आता सातासमुद्रापार पोराचंही केलं! तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला. स्क्रीनवर धर्मेंद्र.

"आप्पा, फोटो पाहिला."

"बेटा, मन्ही चूक..."

"इथं सगळ्यांनी पाहिला. आमच्या लोकांनी तिकीट दुसऱ्याला दिलं."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण समोरच्यांनी बोलावलं. हत्तीवाल्यांनी. म्हणाले, तुझ्या घरच्यांनी तर आधीच ठरवलेलं दिसतंय. तिकीट देतो, ये. चांदण्यासुद्धा बरोबर होत्या म्हणे. पण तुमची शपथ आहे. तुम्ही नाही म्हणालात तर नाही जाणार."

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. त्या तव्यावरची भाकरी उलटत होत्या.

केदारेश्वर काय, समजून घेईल. पोरानं कुठं पक्ष बदलला? बापानंच बदलून दिला!

"जाय, बेटा! जाय! मी कबूल!"

"रागावला नाहीत ना?"

"अरे, तू रागवना नही ना? बस! माले आते जेवन जाई!"

हुश्श! छातीवरची धोंड उतरली. आप्पा त्या दिवशी चार भाकरी जेवले आणि वर पोराशी तासभर गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन हसत हसत अनीसच्या दुकानात शिरले.

"ले, तोंड गोड कर! तुन्हा हत्ती पावना रे! आते नवा बॅनर कर. धर्मेंद्र पाटील यांचं पक्षप्रवेशाबद्दल हार्दिक अभिनंदन!"

अनीसनं पेढा तोंडात टाकला, मशीनमागं हात घातला आणि धूळ बसलेली एक गुंडाळी काढून आप्पांच्या हातात दिली.

"तो तर कव्हाच छापेल शे, आप्पा. काकूनी मांगला महिनामाच हत्तीना आन् हाऊ, दोन्ही बॅनर छापाले सांगेल व्हतं. म्हने, आप्पा हासत पेढा लई येतीन, तवयच हाऊ दे."