कडक सॅल्यूट

केम गावच्या निवृत्त हवालदार रामहरींना कंपवात होऊन सहा वर्षं झाली होती. आज आजारी माजी सैनिक आणि त्यांचं सगळं करणाऱ्या घरच्यांसाठी मोबाईलवर ‘आधार मेळावा’ होता. बोलायला खुद्द कर्नलसाहेब येणार म्हणून सोजरबाईने नवऱ्याची दाढी केली, शर्टाची बटणं लावली आणि पलटणीची टोपी डोक्यावर बसवली. टोपीशिवाय फौजी सॅल्यूट करत नाही, एवढं तिला चाळीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं.

‘आनंदी कसं राहायचं’ यावर साहेब पाऊण तास बोलले. स्वतःची बाग, स्वतःचा कुत्रा, स्वतःचा सकाळचा फेरफटका.

न राहवून सोजरबाई फोनशी वाकली. “सायेब, ह्यास्नी घास गिळंना झालाय. पाणी पाजलं तरी ठसका लागतोय. काय करू?”

“ताईंचा माईक बंद करा,” साहेब म्हणाले. “प्रश्न शेवटी.”

मग सगळ्यांचेच माईक बंद झाले.

शेवटी साहेबांनी विचारलं, “कुणाला काही अडचण?” कुठूनच आवाज आला नाही. “नाही ना? व्वा! मग फोटोसाठी सगळ्यांनी एक कडक सॅल्यूट!”

पडद्यावरचे थकलेले हात एकेक करून कपाळाशी गेले. रामहरींचा हात मांडीवरच थरथरत राहिला.

“अवो, सायेब थांबल्यात. करा की,” माईक बंद असूनही सोजरबाई कुजबुजली.

रामहरींनी पडद्यावरून नजर हटवली नाही.

“सोजर, माझी टोपी काढ.”