जोडणी तोडताना

“तोडून टाका,” म्हणत हेमांगी स्मृती-केंद्रातल्या खुर्चीत मटकन बसली. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं ती एकटी करायची, आणि रोज संध्याकाळी तिचा अख्खा दिवस आठवण बनून नॉर्वेतल्या धाकट्या बहिणीच्या, शर्वाणीच्या डोक्यात उतरायचा. मग लगेच फोन यायचा, “ताई, आज वरणात मीठ जास्त झालं गं. आणि आईवर एवढं खेकसायचं?”

तिथला तंत्रज्ञ सलीम म्हणाला, “काकू, जोडणी तोडली तरी त्यांनी घेतलेलं त्यांच्याकडेच राहणार. फक्त वाट बंद होते. पण त्यांचे जे दिवस तुमच्याकडे आलेत, ते पुसले जातील. तुम्ही तर एकही उघडलेला नाही.”

“माझाच दिवस मला झेपत नाही, तिचा कुठे घेऊ?”

“एक तरी बघा.”

नाइलाजाने तिने कालचा उघडला. शर्वाणी ताट वाढून वाट बघत बसली होती. इकडची आठवण उतरली. त्या आठवणीत आईने घास गिळला, तसा शर्वाणीनेही एक घास घेतला. आईने तोंड फिरवलं, तेव्हा तीही अर्ध्या ताटावरून उठली. दिवसभरात तिच्याशी दुसरं कुणी बोललंच नव्हतं.

हेमांगीने पदराने डोळे पुसले.

“मग राहू देऊ?” सलीमने विचारलं.

“नको, तोडाच,” ती थकून म्हणाली. “ही वाट आहे तोवर ती तिथेच बसून जेवेल. बंद झाली, की विमानाचं तिकीट काढेल.”