डिंपलची वेणी

शालिकरामनं पोरीची वेणी मुठीत आवळली आणि चंद्रपूरच्या बसस्टँडसमोरचा रस्ता ओलांडला.

"पोरगी हाये का बकरी, भाऊ?" एसटीडीवाला ओरडला.

डिंपल मान तिरपी करून निमूट चालत राहिली. मागून येणारी त्याची बायको गोकुळा लाजेनं अर्धी झाली. वर्षभर हेच चाललं होतं. पोरीनं बोट धरलं की शालिकराम विंचू डसल्यासारखा हात झटकायचा. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या, तरी केस कापू देईना. झोपेत हंबरायचा. तळ्यावर जाळं टाकणं तर कधीच सुटलं होतं.

वैनगंगेत जत्रेचा डोंगा उलटला, तेव्हा हाच ढिवर सगळ्यांआधी पाण्यात झेपावला होता. जिवंत काढता आले ते काढले. मग पोलिसांनी मुडदेही त्याच्याकडूनच काढून घेतले. शाल दिली, नारळ दिला, मोकळे झाले. गाव म्हणे, भूत लागलं. भूत उतरवणाऱ्या पुजाऱ्यानं कोंबड्यांवर कोंबडे खाल्ले. भूत जागचं हललं नाही.

"भूत नाही, जखम आहे मनाची," दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणायची. झोपेची गोळी द्यायची आणि दर खेपेला त्या दिवसाचं तेच सांगायला लावायची. गोकुळाचं डोकं फिरायचं.

"विसरू द्याचं सोडून उकरता काऊन, बाई?"

"विसरता आलं असतं तर इथं आला असता का तो?"

दर खेपेला शालिकराम एकाच जागी अडायचा. 'एक पोरगी दिसली,' म्हणायचा आणि पाणी मागायचा. आज पाणी पिऊनही तो उठला नाही.

"तिनं माहा हात धरला," तो म्हणाला. "घट्ट. जिती होती. म्या हात सोडवला."

गोकुळाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तीही ढिवराचीच लेक. पोहणं शिकवायच्या आधी बाप शिकवतो: बुडत्याचा हात धरू नको, तो तुलाही घेऊन जाईल. केस धर.

"केसं धराले गेलो." शालिकरामची मूठ रिकामीच उघडझाप करत होती. "केसंच नोहोते, बाई. जत्रेत नवस फेडला होता तिच्या मायबापानं. बोडकी होती. डोस्कं सटकलं हातातून. मंग हात धुंडला. नाई गवसला."

गोकुळानं पदर तोंडात कोंबला.

डॉक्टरीण म्हणाली, "पुढच्या हप्त्यात पुन्हा सांगायचं. आणि आज पोरीचा हात धरून जा, भाऊ. जमेल तेवढं."

बाहेर रस्ता तसाच वाहत होता. शालिकरामनं हात पुढे केला. या खेपेला त्यानं तो मागे घेतला नाही.

"ये, माय."

डिंपलनं बापाच्या हाताकडे पाहिलं. मग शहाण्या पोरीसारखी पाठमोरी झाली आणि त्या हातात तिनं आपली वेणी ठेवली.