गलबताच्या फळ्या

डहाणूच्या खाडीत दशरथ तांडेलाच्या जुन्या गलबताला मगन मिस्त्रीने खालच्या खोलीच्या दाराच्या कुजक्या फळ्या काढून सागाच्या बसवल्या आणि पाणी शिरू नये म्हणून वर डांबराचे दोन हात दिले. पण डांबराखाली साग आहे की आंबा, कुणाला दिसतंय? दशरथच्या मनात पाल चुकचुकली. मिस्त्रीची पाठ वळताच त्याने सुरीने एका फळीचा कोपरा खरवडला. साग निघाला. मग शेजारची फळी संशयाची वाटायला लागली. असं करत त्याने एकही फळी सोडली नाही.

खोलीत तांदळाची पोती भरून गलबत निघालं. दमणसमोर दर्या खवळला आणि पोती भिजून फुगली. दशरथ तणतणत परतला. "मगन, तुझं लाकूडच खोटं!"

मगनने फळ्यांवरून बोट फिरवलं. खरवडलेली तेवढीच जागा पाणी पिऊन काळी पडली होती. त्याने पुन्हा डांबर फासलं आणि सागाचा एक कोरा तुकडा दशरथच्या हातात ठेवला.

"तांडेल, याच फळ्यांतला उरलेला आहे. शंका आली की हा खरवडायचा."

दशरथने तुकडा उलटासुलटा करून पाहिला, त्याचा वास घेतला.

"हा त्याच फळ्यांतला कशावरून?"