हनुवटी वर

"हनुवटी वर, आजोबा. कपाळ पट्टीला टेकवा," नर्स म्हणाली.

वस्तादाला हसूही येईना. हे शब्द त्याने आयुष्यभर लोकांना ऐकवले होते. हातात वस्तरा, समोर फेस लावलेला गळा आणि हनुवटी वर. आज त्याचीच हनुवटी यंत्राच्या खोबणीत होती. डोळ्यात उजेडाची फट घुसली. ती सोडली तर सगळं दुधात कालवल्यासारखं.

डोळा एकच होता. दुसरा लहानपणीच दगड लागून गेलेला. उरलेल्यात मोतीबिंदू, तोही पिकून तपकिरी झालेला. मागच्या महिन्यात त्याने एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली होती. गिऱ्हाईक भला माणूस. "होतं कधीतरी" म्हणाला, तुरटी दाबून धरली, पैसे देऊन गेला. पुढच्या वेळी आला तो थेट दुकानात शेजारीच काम करणाऱ्या लेकीच्या खुर्चीत बसला. वस्ताद आपली रिकामी खुर्ची झटकत राहिला.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाई यायच्या आधी आली ती पॅकेज समजावणारी मुलगी. हातात प्लॅस्टिकचा डोळा, मुठीएवढा.

"काका, दोन प्रकार आहेत. एक आपलं साधं, हाताने. दुसरं लेसर. त्यात ब्लेडच नाही!"

'हाताने' हा शब्द तिने असा उच्चारला, जणू साध्या ऑपरेशनला कुऱ्हाड वापरतात. तिला तसंच शिकवलेलं होतं. भेदरलेल्या माणसाला आणखी भेदरवायचं आणि मग एक दार दाखवायचं, इथून सुटशील म्हणून.

"लेसरच करू, बाबा," सोबत आलेली लेक म्हणाली. "एकच डोळा आहे. ब्लेड नको."

"ब्लेडला नावं ठेवू नकोस. ब्लेडवरच मोठी झालीस."

"म्हणूनच म्हणतेय. ती कानाची पाळी विसरलात?"

 खरं तर वस्तादालाही लेसरच हवं होतं. लेसरबद्दल त्याने दुकानात ऐकलं होतं, रात्रभर तेच घोकत पडला होता. यंत्राला घाम फुटत नाही. यंत्राला शिंक येत नाही. यंत्र घरी भांडून कामावर येत नाही. हात म्हणजे काय चीज असते, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

डॉक्टरीणबाई घाईघाईत आल्या, बसल्या. त्यांना त्याने बोलूच दिलं नाही.

"लेसर केलं तर तुमचा हात लागणार नाही ना?"

"लागणार की. लेसर सुरुवातीचं काम करतं. छेद घेतं, भिंगावरचा पापुद्रा गोल कापतं, भिंगाला चिरा पाडतं. पुढे ते तुकडे बाहेर काढायचे आणि नवं भिंग बसवायचं, ते मीच. काहीही निवडा, मीच."

"मग फरक काय?"

"तो गोल जरा जास्त नेमका येतो. पण शेवटी दिसण्यात म्हणाल, तर फारसा नाही."

प्लॅस्टिकचा डोळा धरलेली मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

 वस्तादाने ज्या दाराकडे बघत रात्र काढली, ते भिंतीवर रंगवलेलं निघालं.

"तुमच्या हातून कधी बिघडलंय?"

"बाबा!" लेक ओरडली.

"तू गप. हत्यार धरणाऱ्याला विचारायचं असतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बिघडलंय. मागच्या वर्षी. भिंगामागचा पडदा फाटला. त्या बाईंना दिसतं, पण धूसर."

"हाताने केलेलं ऑपरेशन?"

"लेसरचं. लेसरचं काम चोख झालं होतं. फाटला तो माझ्या हातून."

 बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.

"तुमचा हात देता जरा?" वस्तादाने विचारलं.

दुकानात नवा कारागीर ठेवताना तो एवढंच करायचा. आधी कुठे होतास, किती वर्षं होतास, असल्या चौकशा नाहीत. हात हातात घ्यायचा आणि धरून ठेवायचा.

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. त्याने तो धरला. धरून ठेवला.

आणि त्याला थरथर जाणवली. बारीक, पण थरथरच.  डोळा ताणून त्याने बघितलं. टेबलावर हातांचे दोन पांढुरके गोळे, एकमेकांत मिसळलेले.

"पोरी, हात थरथरतोय. कुणाचा?"

लेक वाकली. तिला बघायला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा हात नुसता विसावला होता. त्याला धरणारी बोटं, आयुष्यभर परक्यांचे गळे सांभाळलेली, ती एक क्षण जागेवर राहत नव्हती.

"बोल ना."

"तुमचा, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

त्याने श्वास सोडला. "मग चालेल. माझा हात लागणार नाहीये."

"म्हणजे काका, साधं लिहू की लेसर?" मुलीने विचारलं.

"कापणाऱ्याला विचार," तो म्हणाला. मग चाचपडत त्याने यंत्राची खोबण शोधली, कुणी न सांगता हनुवटी वर ठेवली, कपाळ पट्टीला टेकवलं.

त्याच्या बोटांनी यंत्र धरलं, तसा त्याचा कुठलासा सैल स्क्रू बारीक वाजायला लागला.